कोलेस्टेरॉलचा अहवाल आपल्या वयाच्या संदर्भात कसा वाचावा

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या मेदांच्या तपासणीच्या, छापील अहवालात प्रत्येक आकड्यासमोर एक संदर्भमर्यादा दिलेली असते आणि ती पंचविशीतल्या तरुणाला व पंचाहत्तरीतल्या आजोबांना एकच असते. त्यामुळे एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असले की अहवाल कपाटात ठेवायचा आणि २४० च्या वर गेले की घाबरायचे, अशी सवय लागते. हीच सवय दोन प्रकारे नुकसान करते. ज्याला अजून चाळीस वर्षे काढायची आहेत असा तरुण निर्धास्त राहतो आणि ज्यांना उपचाराचा प्रत्यक्ष लाभ सर्वांत जास्त होण्याची शक्यता असते अशा साठी-सत्तरीतल्या माणसांना ‘आता या वयात काय फरक पडणार’ असे सांगितले जाते. अहवाल वाचताना वय कोठे आणि कसे धरायचे, हे क्रमाने समजून घेतले तर डॉक्टरांसमोर बसल्यावर योग्य प्रश्न विचारता येतात. गोळी सुरू करण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आधी योग्य आकडा निवडा

एकूण कोलेस्टेरॉल हा आकडा सर्वांच्या तोंडी असला तरी एकट्या त्याच्यावरून फारसे ठरवता येत नाही, कारण त्यात धमन्यांच्या भिंतीत शिरून साठणारे कणही मोजले जातात आणि एचडीएल या तसे न साठणाऱ्या कणांतले कोलेस्टेरॉलही. दोन व्यक्तींचे एकूण कोलेस्टेरॉल २१० आहे असे समजा. पहिल्या व्यक्तीचे एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातला दुसऱ्या प्रकारचा मेद) २०० आहे, दुसऱ्या व्यक्तीचे एचडीएल ६५ आणि ट्रायग्लिसराइड १०० आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की ‘नॉन-एचडीएल’ मिळते. ते पहिल्या व्यक्तीत १७० तर दुसऱ्या व्यक्तीत १४५ येते. म्हणजे एकूण आकडा समान असूनही धमन्यांना घातक असलेल्या सर्व कणांतले कोलेस्टेरॉल पहिल्या व्यक्तीत बरेच जास्त आहे. ही वजाबाकी कोणालाही घरी करता येते, तिला उपाशीपोटी रक्त देण्याची अट नाही, आणि मधुमेह किंवा सुटलेले पोट असणाऱ्यांत ती विशेष उपयोगी पडते.

एलडीएलचा, म्हणजे धमन्यांत साठणाऱ्या मुख्य कणांतल्या कोलेस्टेरॉलचा, आकडा अनेक प्रयोगशाळा थेट मोजत नाहीत, तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढतात. वरच्या उदाहरणात तो अनुक्रमे १३० आणि १२५ येतो, म्हणजे दोन्ही व्यक्ती जवळजवळ सारख्याच दिसतात. ट्रायग्लिसराइड जसजसे वाढते तसतसा हा हिशेब एलडीएल कमी दाखवू लागतो आणि ४०० च्या वर तर तो वापरूच नये. म्हणून ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या माणसाने ‘माझे एलडीएल ठीक आहे’ म्हणण्यापूर्वी नॉन-एचडीएल पाहावे.

एचडीएलला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. एचडीएल कमी असणे ही धोक्याची खूण आहे हे खरे, पण औषधाने ते वाढवून हृदयविकाराचे झटके कमी करण्याचे मोठे प्रयत्न यशस्वी झालेले नाहीत. त्यामुळे जास्त एचडीएल म्हणजे वाढलेल्या एलडीएलवर उतारा, असे कोणत्याही वयात मानू नये.

रक्त कधी तपासले यालाही महत्त्व आहे. गरोदरपणात कोलेस्टेरॉल निसर्गतःच वाढते. मोठे आजारपण, शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यानंतर काही आठवडे ते खाली आलेले असते. थायरॉइडचे काम मंदावले की एलडीएल वाढते, म्हणून आकडा अनपेक्षितपणे चढलेला दिसल्यास थायरॉइडची तपासणी आधी करून घ्यावी. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी वाचकांच्या अहवालात आकडे मिलिमोल प्रति लिटर या एककात असतात. कोलेस्टेरॉलच्या त्या आकड्याला ३८.७ ने गुणले की भारतातल्या अहवालातले मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतात. ट्रायग्लिसराइडचा गुणक वेगळा, म्हणजे सुमारे ८८.६ आहे. एकाच घरातले दोन देशांतले अहवाल शेजारी ठेवताना हे विसरू नये.

वयाबरोबर धोका दोन प्रकारे बदलतो

सगळ्या विषयाचा गाभा येथे आहे, म्हणून थोडा वेळ देऊन वाचावे. २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६१ दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे नऊ लाख प्रौढांची माहिती आणि ५५ हजारांहून अधिक रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झालेले मृत्यू होते. एकूण कोलेस्टेरॉल एका मिलिमोलने, म्हणजे सुमारे ३९ मिलिग्रॅमने कमी असेल, तर हृदयधमन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ४० ते ४९ या वयात जवळजवळ निम्म्याने, ५० ते ६९ या वयात सुमारे एक तृतीयांशाने आणि ७० ते ८९ या वयात सुमारे एक षष्ठांशाने कमी आढळले.

वरवर पाहता यातून ‘वय वाढले की कोलेस्टेरॉलचे महत्त्व संपते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो बरोबर नाही. निम्मा किंवा एक षष्ठांश हे प्रमाण कशाचे आहे, हे पाहिले पाहिजे. केवळ समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. चाळिशीतल्या एक हजार लोकांपैकी पुढच्या दहा वर्षांत दहा जणांना हृदयविकाराने मृत्यू येणार असेल, तर निम्म्याने घट म्हणजे पाच जण वाचले. सत्तरीच्या पुढच्या एक हजारांपैकी १२० जणांच्या बाबतीत तसे होणार असेल, तर एक षष्ठांशाची घट म्हणजे वीस जण वाचले. तुलनात्मक फरक तरुणपणी मोठा असतो, प्रत्यक्ष माणसांची संख्या मात्र उतारवयात मोठी असते. कोणी ‘धोका इतक्या टक्क्यांनी कमी होतो’ असे सांगितले, तर ‘शंभरातल्या किती जणांचा, आणि किती वर्षांत?’ असा प्रतिप्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. माझ्या मते कोलेस्टेरॉलविषयी रुग्णाने शिकण्याजोगा सर्वांत उपयुक्त प्रश्न हाच आहे.

असे का घडते, याचे उत्तर काळात आहे. एलडीएलचे कण धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे शिरत आणि साठत राहतात. भिंतीवर जो थर तयार होतो तो आजच्या आकड्याइतकाच मागच्या सगळ्या वर्षांच्या आकड्यांवर अवलंबून असतो. कोरियन युद्धात मृत्युमुखी पडलेल्या तीनशे अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सरासरी बावीस वर्षे वयाच्या त्या तरुणांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा दिसल्या होत्या. झटका पन्नाशीत येतो, पण त्याची तयारी विशीत सुरू झालेली असते.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. काही लोकांत पीसीएसके-९ नावाच्या जनुकातल्या बदलामुळे एलडीएल जन्मापासूनच कमी असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात असा बदल असलेल्या कृष्णवर्णीय व्यक्तींचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते, पण हृदयधमन्यांचा विकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी आढळला. मध्यम वयात औषधाने एलडीएल तेवढेच खाली आणले तरी काही वर्षांत इतका लाभ मिळत नाही. जन्मापासूनची माफक घट उशिराच्या मोठ्या घटीपेक्षा अधिक संरक्षण देते, असा याचा अर्थ आहे.

हे समजण्यासाठी ढोबळ गुणाकार करता येतो. एलडीएल १०० असलेल्या व्यक्तीच्या धमन्यांवर ४८ वर्षांत जितका भार पडतो (१०० गुणिले ४८, म्हणजे ४८००), तितकाच भार एलडीएल १६० असलेल्या व्यक्तीच्या धमन्यांवर तिशीतच पडलेला असतो. लहानपणचा आकडा मोठेपणच्या आकड्याइतका नसतो आणि धमन्या हिशेबाने चालत नाहीत, त्यामुळे यावरून झटक्याचे वर्ष काढू नये. पण तिशीतल्या १६० ला ‘थोडेसे वाढलेले’ म्हणून सोडून का देऊ नये, एवढे यातून निश्चित कळते.

आपल्या वयाला लागू असलेले प्रश्न

लहान मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट तातडीची आहे, आणि ती म्हणजे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल. साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून मिळतो आणि त्यात एलडीएल जन्मापासूनच खूप जास्त असते. घरातल्या पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला पासष्टच्या आत झटका आला असेल, कोणाचे एलडीएल १९० च्या वर असेल, टाचेच्या मागच्या स्नायुबंधावर गाठी असतील किंवा पंचेचाळिशीच्या आधीच बुबुळाभोवती पांढुरकी कडा दिसत असेल, तर त्या घरातल्या मुलांचे रक्त अठराव्या वर्षाची वाट न पाहता तपासून घ्यावे. हीच पांढुरकी कडा सत्तरीतल्या माणसात दिसली तर ती बहुधा वयाची खूण असते. दोन्ही पालकांकडून दोष आला असेल तर विशीच्या आतही झटका येऊ शकतो. अशी मुले दुर्मीळ असली तरी त्यांना वेळेत ओळखणे हे जीव वाचवण्याचे काम आहे.

अठरा ते चाळीस हे वय सर्वांत दुर्लक्षित आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिले लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षीच करावे. आपल्याकडे ते बहुधा नोकरीत रुजू होताना किंवा विमा काढताना योगायोगाने होते. या वयात दहा वर्षांचा धोका मोजणारी गणिते जवळजवळ नेहमीच ‘कमी’ असे उत्तर देतात, कारण त्यांत वयाचाच वाटा सर्वांत मोठा असतो. तिशीतल्या माणसाचे एलडीएल १७० असो, तो सिगारेट ओढत असो, तरी पुढच्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता थोडीच भरते. त्या उत्तरावर समाधान मानू नये. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली मांडलेल्या ‘प्रिव्हेंट’ या गणितात तीस वर्षांचा धोकाही काढता येतो. तरुण माणसाने आपल्या डॉक्टरांना तोच विचारावा. शिवाय एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल तर कोणत्याही गणिताची गरज नसते, औषधाचा विचार वय न पाहता करावा लागतो.

भारतीयांना हा भाग विशेष लागू आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बावन्न देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी, म्हणजे सरासरी ५३ व्या वर्षी आलेला आढळला. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकातले ‘पंचेचाळीसनंतर पाहू’ हे वेळापत्रक आपण जसेच्या तसे उचलू नये. याच वयात आयुष्यातून एकदा ‘लायपोप्रोटीन स्मॉल-ए’ ही एलडीएलसारख्याच एका कणाची तपासणी करून घ्यावी. तिचा आकडा मुख्यतः आनुवंशिक असून आहार-व्यायामाने फारसा हलत नाही, म्हणून ती वारंवार करावी लागत नाही. पण तो ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या सगळ्या धोक्यांकडे अधिक कडक नजरेने पाहावे लागते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी सांगावी लागते.

चाळीस ते साठ या टप्प्यात धोक्याचे गणित सर्वांत विश्वासार्ह असते. त्यात कोलेस्टेरॉलबरोबर रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि कौटुंबिक इतिहास यांची बेरीज करावी. बेरीज म्हणण्यापेक्षा गुणाकार म्हणणे अधिक बरोबर, कारण हे धोके एकमेकांना वाढवतात. स्त्रियांच्या बाबतीत या काळातला एक बदल लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाळी थांबण्याच्या सुमारास, साधारण त्या एक-दोन वर्षांतच, एलडीएल लक्षणीय चढते. म्हणून चाळिसाव्या वर्षीचा उत्तम अहवाल पन्नाशीत ग्राह्य धरता येत नाही. पाळी गेल्यानंतर तपासणी नव्याने करावी. पाळी चाळिशीच्या आत गेली असेल किंवा गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण बाळंतपणाची जुनी माहिती हृदयाशी संबंधित आहे हे अनेकींना कोणी सांगितलेलेच नसते. औषध घेणाऱ्या स्त्रीने मूल होऊ देण्याचा विचार असल्यास तो आधीच बोलून दाखवावा. गरोदरपणात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी, सहसा थांबवतात.

निर्णय अधांतरी राहिला तर या वयात हृदयधमन्यांतल्या कॅल्शियमचा स्कॅन उपयोगी पडतो. कॅल्शियम शून्य निघाल्यास, मधुमेह, धूम्रपान किंवा तीव्र कौटुंबिक इतिहास नसेल तर, गोळी पुढे ढकलता येते. तिशीतल्या माणसाने मात्र शून्याने निर्धास्त होऊ नये, कारण कोवळ्या थरात कॅल्शियम अजून जमलेले नसते.

साठ ते पंचाहत्तर या वयात वय हाच मोठा धोका झालेला असतो. येथे ‘आकडा साधारणच आहे, मग गोळी कशाला’ असा प्रश्न वारंवार येतो. याचे उत्तर असे की, ज्याचा मूळ धोका मोठा त्याला साधारण आकडा आणखी खाली आणण्याचाही प्रत्यक्ष फायदा होतो. स्टॅटिनच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात एलडीएल एका मिलिमोलने कमी केले की मोठे झटके आणि पक्षाघात सुमारे एक पंचमांशाने घटले, आणि सुरुवातीचा आकडा कमी असलेल्यांतही हे प्रमाण फारसे बदलले नाही.

पंचाहत्तरीनंतर चित्र खरोखर गुंतागुंतीचे होते, आणि येथे घाईने मत देणाऱ्यांपासून सावध राहावे. ज्यांना झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे किंवा बायपास झाली आहे, त्यांना औषधाचा लाभ या वयातही होतो; केवळ वय झाले म्हणून त्यांनी गोळी स्वतःहून सोडू नये. ज्यांना कोणताही हृदयविकार नाही, त्यांच्यासाठी नव्याने गोळी सुरू करण्याचा पुरावा तुलनेने तोकडा आहे. २०१९ सालच्या अठ्ठावीस चाचण्यांच्या विश्लेषणात पंचाहत्तरीपुढचे सहभागी एकूणांच्या जेमतेम आठ टक्के होते. अशा वेळी माणसाची एकूण प्रकृती, इतर औषधांची संख्या, मूत्रपिंडाचे काम आणि त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा यांवर निर्णय व्हावा. घरच्या मंडळींनी आजी-आजोबांच्या वतीने परस्पर ठरवून टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

वृद्धांत कमी कोलेस्टेरॉल असलेले लोक अधिक संख्येने दगावतात, म्हणून कोलेस्टेरॉल जास्त असलेलेच बरे, असा युक्तिवाद अनेकदा पुढे केला जातो. निरीक्षण खरे आहे, पण त्याचा अर्थ उलटा लावलेला असतो. कर्करोग, यकृताचे विकार, जुनाट संसर्ग, कुपोषण आणि एकूण खंगणे यांमुळे कोलेस्टेरॉल खाली येते, आणि मृत्यूही त्याच आजारांमुळे येतो. म्हणूनच उपचार न बदलता एखाद्या वृद्ध व्यक्तीचे कोलेस्टेरॉल एकदम उतरले आणि वजनही घटत असेल, तर आनंद मानण्याऐवजी कारण शोधावे.

उद्दिष्ट ठरवणे आणि पाठपुरावा

वर उल्लेख केलेल्या भारतीय सूचनांत एलडीएलचे उद्दिष्ट धोक्यानुसार ठरवले आहे. धोका कमी किंवा मध्यम असलेल्यांनी ते १०० च्या आत, मधुमेहासारखा मोठा धोका असलेल्यांनी ७० च्या आत आणि हृदयविकार होऊन गेलेल्या अतिधोक्याच्या रुग्णांनी ५५ च्या आत ठेवावे. नॉन-एचडीएलचे उद्दिष्ट प्रत्येक ठिकाणी त्याहून तीसने जास्त धरावे. प्रयोगशाळेच्या मर्यादेत ‘१२८, सामान्य’ असे छापलेले असले तरी स्टेंट बसवलेल्या माणसासाठी ते सामान्य नाही, हे यावरून कळेल.

आहाराने एलडीएल माफक प्रमाणात उतरते. तूप, लोणी, वनस्पती तूप, पामतेल आणि खोबरेल यांतला संपृक्त मेद कमी करून शेंगदाणा, करडई किंवा मोहरीचे तेल बेताने वापरणे, डाळी-उसळी, जवस आणि भाज्या वाढवणे याचा उपयोग होतो. कोकण-गोव्याच्या स्वयंपाकातले ओले खोबरे पूर्ण सोडण्याची गरज नसते, पण रोजच्या वाटणाचे प्रमाण पाहावे. तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाकडे मात्र लक्ष देऊ नये. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतेच. व्यायामाने एलडीएल थोडेच उतरते, तरी ट्रायग्लिसराइड, रक्तदाब आणि साखर यांवर त्याचा चांगला परिणाम होतो.

स्टॅटिन सुरू केल्यास मध्यम मात्रेने एलडीएल साधारण ३० ते ४९ टक्क्यांनी आणि मोठ्या मात्रेने ५० टक्क्यांहून अधिक उतरणे अपेक्षित असते. चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे आणि घट टक्क्यांत मोजावी. फारशी घट नसेल तर गोळ्या नियमित घेतल्या गेल्या का, हे आधी पाहावे. मात्रा दुप्पट केली तरी साधारण सहा टक्क्यांचीच भर पडते, म्हणून उद्दिष्ट बरेच दूर राहिले असेल तर डॉक्टर बहुधा एझेटिमाइबसारखे दुसरे औषध जोडतात. स्नायू दुखू लागल्यास गोळी गुपचूप बंद न करता कळवावे, कारण मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघतो. लघवीचा रंग गडद झाला आणि अंगात तीव्र वेदना असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत साखर किंचित वाढू शकते, तेव्हा तिचीही तपासणी ठेवावी.

जुने अहवाल टाकून देऊ नयेत. एका वहीत तारीख, त्या वेळचे वय, एलडीएल, नॉन-एचडीएल, वजन आणि चालू असलेली औषधे अशी नोंद करावी. पहिल्या पानावर आई-वडील, भावंडे, काका-मामा-मावशी यांच्यापैकी कोणाला कोणत्या वयात झटका आला किंवा पक्षाघात झाला, ते लिहावे आणि ती वही प्रत्येक भेटीला बरोबर न्यावी.